लाँच रात्री साडेदहाला, हप्ता पाच तारखेला

कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजले की आपल्याकडे, निदान उन्हाळ्याच्या दिवसांत, रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. गॅजेटवेड्यांना हे गणित तोंडपाठ असतं. जेवणं उरकलेली असतात, घरातला टीव्ही बंद होत आलेला असतो आणि आपण कानात इअरफोन घालून कुठल्यातरी लाँचचं लाइव्हस्ट्रीम बघत पडलेलो असतो. स्टेजवर कुणी टी-शर्टवाला येतो, दोन बोटांत लॅपटॉप धरून दाखवतो, मागच्या पडद्यावर 'दुप्पट वेग', 'दिवसभर बॅटरी' असं काहीबाही चमकतं. तेवढ्यात कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज पडतो, 'भावा, ठरलं. हाच घ्यायचा.'

मी या जमातीतलाच आहे. लाँच बघायला मला अजूनही जाम मजा येते आणि ही मजा सोडा, असं सांगायला मी बसलेलो नाही. पण बघणं वेगळं आणि घेणं वेगळं. कॉलेजात असताना आपल्यासाठी घरातून जी सगळ्यात महागडी वस्तू येते, ती बहुतेक वेळा लॅपटॉपच असते. कुणाच्या बाबांनी पीएफमधून पैसे काढलेले असतात, कुणाच्या आईची भिशी लागलेली असते, कुणाचा लॅपटॉप शैक्षणिक कर्जात बसवलेला असतो. ते मशीन निदान चार वर्षं चालायला हवं. सबमिशनच्या आदल्या रात्री ते गोठलं, तर तो टी-शर्टवाला काही मदतीला येत नाही.

हाइप म्हणजे निव्वळ थापा, असं बरेच जण समजतात. माझा अनुभव तसा नाही. स्टेजवर सांगितलेल्यातलं बरंचसं खरं होतंही. फक्त ते पुढे कधीतरी होतं आणि पैसे मात्र आत्ता घेतले जातात. पोर्टेबल कॉम्प्युटरच्या गेल्या वीस वर्षांत हे इतक्यांदा घडलंय, की नवं लाँच बघताना मला जुनी मशीन्स आठवायला लागतात.

२००६ सालची गोष्ट घ्या. तुमच्यापैकी अनेकांचा तेव्हा जन्मही झालेला नसेल. मायक्रोसॉफ्टने 'ओरिगामी' नावाच्या एका प्रोजेक्टची हवा केली. कोड्यात बोलणारी एक वेबसाइट टाकली आणि जगभरचे गॅजेटवाले तर्क लढवत बसले. मार्चमध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या सीबिट प्रदर्शनात पडदा उघडला. निघालं काय, तर सात इंची स्क्रीनचा, हातात धरायचा विंडोज कॉम्प्युटर! कल्पना झकासच होती. पण विंडोज माउससाठी बनलेलं, त्यातली बटणं बोटाला सापडेनात. बॅटरी दोन-अडीच तासांत मान टाकायची. सगळ्यांच्या डोक्यात पाचशे डॉलरची किंमत बसली होती. सॅमसंगचं पहिलं मॉडेल हजाराच्या वर गेलं. चार वर्षांनी, २०१० मध्ये, अॅपलने ४९९ डॉलरपासून आयपॅड आणला आणि ओरिगामीने जे बोलून दाखवलं होतं ते लोकांच्या हातात पडलं. म्हणजे स्वप्न खोटं नव्हतंच. ज्यांनी २००६ मध्ये पैसे मोजले, त्यांनी ते दुसऱ्यांसाठी मोजले.

अॅपलवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करायचं कारण नाही. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्झने ऑफिसच्या साध्या पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला आणि सभागृह वेडं झालं. आजही तो व्हिडिओ बघताना भारी वाटतं. पण १,७९९ डॉलरच्या त्या मशीनमध्ये ८० जीबीची संथ हार्ड डिस्क आणि एकुलता एक यूएसबी पोर्ट होता. ज्याच्यावरून पुढे सगळ्या पातळ लॅपटॉपांनी नक्कल केली, तो एअर २०१० मध्ये आला. फ्लॅश स्टोरेज, दोन यूएसबी, किंमत ९९९ डॉलरपासून पुढे. त्याच्या लाँचचा व्हिडिओ कुणाला आठवतो?

तेव्हापासून मी स्वतःसाठी एक हिशेब ठरवलाय. पहिलं मॉडेल ही घोषणा असते. वस्तू साधारण तिसऱ्या खेपेला तयार होते. २०२५ च्या सीईएसमध्ये लेनोवोने बटण दाबल्यावर स्क्रीन वर सरकत १४ चा १६.७ इंच होणारा लॅपटॉप दाखवला. तो व्हिडिओ मी पाच-सहा वेळा तरी बघितला असेन. घ्यायचा विचार एकदाही केला नाही. तिसरा येऊ दे, मग बघू.

आता नेटबुक. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त चटका लावते, कारण इथे वस्तू पहिल्याच फटक्यात चांगली जमली होती. २००७ च्या अखेरीला असूसने 'ई पीसी' आणला. सात इंची स्क्रीन, ४ जीबी स्टोरेज, ५१२ एमबी रॅम, वर लिनक्स. आकडे बघून हसू येईल. पण तो वहीएवढा होता, पटकन सुरू व्हायचा, आत फिरणारी हार्ड डिस्क नव्हती म्हणून थोडेफार धक्के खायचा, आणि नेट बघणं, टाइप करणं एवढंच इमानेइतबारे करायचा. खप असा झाला की सगळ्या कंपन्या तुटून पडल्या. आणि मग जे व्हायचं ते झालं. नेटबुकवर विंडोज आलं, विंडोजसाठी मोठी हार्ड डिस्क आली, स्क्रीन नऊ इंच, दहा इंच होत गेली, आणि प्रोसेसर मात्र तोच बिचारा दमलेला अॅटम. वर मायक्रोसॉफ्टने स्वस्त मशीनसाठी दिलेल्या विंडोज ७ स्टार्टरमध्ये डेस्कटॉपचा वॉलपेपरसुद्धा बदलता यायचा नाही! पैसे देऊन घेतलेल्या कॉम्प्युटरवर स्वतःचा फोटो लावायची सोय नाही म्हणजे कमालच. २०१३ उजाडेपर्यंत असूस आणि एसर या दोघांनीही नेटबुक बनवणं थांबवलं. लोकांना स्वस्त, छोटा आणि साधा कॉम्प्युटर हवा होता. हाइपने त्यांच्या हातात स्वस्त, छोटा आणि रडका लॅपटॉप दिला.

आपलं 'आकाश'

हे सगळं अमेरिका-तैवानचं झालं. आपणही यात मागे नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅब्लेट जाहीर केला. जगातला सर्वात स्वस्त टॅब्लेट, विद्यार्थ्यांसाठी, सुमारे ५० डॉलरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास. परदेशी वर्तमानपत्रांनी पानं भरली. गल्लोगल्ली एकच चर्चा, 'आकाश कधी मिळणार?'

त्या पहिल्या आकाशमध्ये ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता, २५६ एमबी रॅम होती आणि रेझिस्टिव्ह टचस्क्रीन होता. म्हणजे बोट अलगद फिरवून चालायचं नाही, एटीएमच्या जुन्या मशीनसारखं नखाने दाबायला लागायचं. बॅटरी दोन-तीन तास. तक्रारी वाढल्यावर काम आयआयटी मुंबईकडे आलं. पवईच्या मंडळींनी स्पेसिफिकेशन बदलून घेतलं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' आला. एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, बोटाला ओळखणारा टचस्क्रीन. वर्षभरात केवढा फरक! पण तोवर लोकांच्या मनातून आकाश उतरला होता, आणि कोट्यवधी विद्यार्थ्यांच्या हातात टॅब्लेट देण्याची योजना पुढे विरूनच गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि आपल्याकडच्या पोरांच्या हातात स्वस्त कॉम्प्युटर खऱ्या अर्थाने पोचला तो मोबाइलच्या रूपात. त्याला 'शैक्षणिक क्रांती' असं नाव देऊन कुणी समारंभ केला नव्हता.

आकाशच्या आधीचा एक किस्सा तर आपल्या रायगड जिल्ह्यातला आहे. एमआयटीच्या निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड', प्रत्येक मुलामागे एक. भारत सरकारने २००६ मध्येच याला नकार दिला होता. तरी २००७ मध्ये कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत वीस-बावीस मुलांच्या हाती ते हिरवे-पांढरे लॅपटॉप पडले. किंमत शंभर डॉलर कधीच झाली नाही, ती दोनशेच्या आसपास राहिली. पेरूने ते लाखोंनी विकत घेतले. २०१२ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेचा अभ्यास आला, त्यात मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक आढळला नाही. हाइपचा फुगा फुटला, असं म्हणून मोकळं होता येईल. पण त्या मशीनकडे पुन्हा बघा. स्क्रीन भर उन्हात वाचता यायची. कीबोर्ड रबराचा, अखंड, पाणी-धूळ आत न जाणारा. हँडल होतं. आज साठ हजारांचा लॅपटॉप घेऊन कॉलेजच्या कट्ट्यावर बसा, दुपारी बाराच्या उन्हात स्क्रीनवर फक्त स्वतःचं तोंड दिसतं.

एआय लिहिलंय, पण कुठे चालतं?

आता आजचं बोलू. गेली दोनेक वर्षं दुकानातल्या लॅपटॉपांवर 'एआय' हा शब्द एवढ्या ठिकाणी चिकटवलेला असतो, की ब्रँडचं नाव शोधावं लागतं. याची मोठी लाट २० मे २०२४ ला आली. मायक्रोसॉफ्टने 'कोपायलट प्लस पीसी' जाहीर केले. अट अशी, की आत एनपीयू नावाचा भाग हवा आणि त्याने सेकंदाला निदान ४० लाख कोटी आकडेमोडी करायला हव्यात. यालाच ४० टॉप्स म्हणतात. शिवाय किमान १६ जीबी रॅम. एनपीयू म्हणजे एआयला लागणारे गुणाकार-बेरजा कमी विजेत उरकणारा विभाग. तो खोटा नाही, कामाचा आहे. पण स्वतःला विचारा, तुम्ही एआय वापरता ते कुठे? चॅटजीपीटी, जेमिनी ब्राउझरमध्ये उघडता ना? ते सगळं कंपनीच्या सर्व्हरवर चालतं. तुमच्या लॅपटॉपला फक्त नेट लागतं. असाइनमेंट लिहून घेताना तुमचा ४० टॉप्सचा एनपीयू निवांत झोपलेला असतो. व्हिडिओ कॉलमध्ये पाठीमागचा पसारा धूसर करणं, बोलणं ऐकून सबटायटल दाखवणं, अशी काही कामं तो करतो. त्यासाठी दहा-पंधरा हजार जास्त मोजायचे का, हे तुम्ही ठरवा. मी मोजणार नाही.

त्या लाँचचं मुख्य आकर्षण होतं 'रिकॉल'. लॅपटॉप दर काही सेकंदांनी स्क्रीनचे फोटो काढून ठेवणार आणि आपण आधी काय बघितलं ते शोधून देणार. सुरक्षा तज्ज्ञांनी चाचणीची आवृत्ती उघडून बघितली, तर ही सगळी माहिती पुरेशा संरक्षणाशिवाय पडलेली. बोंबाबोंब झाली. मायक्रोसॉफ्टने आधी 'तुम्ही म्हणाल तरच सुरू होईल' असं जाहीर केलं, मग ते लाँचमधूनच काढून घेतलं. १८ जूनला लॅपटॉप दुकानात आले आणि ज्याच्यासाठी आणले होते तेच आत नव्हतं. रिकॉल सगळ्यांसाठी यायला एप्रिल २०२५ उजाडला.

गंमत बघा, या लाटेतून आपल्याला एक गोष्ट छान मिळाली. एआयच्या नावाखाली का होईना, १६ जीबी रॅम ही नेहमीची गोष्ट व्हायला लागली. वर्षानुवर्षं ८ जीबीवर अडून बसलेल्या अॅपलनेसुद्धा ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची सुरुवात १६ पासून केली. चाळीस टॅब उघडून, एका बाजूला मीट आणि दुसऱ्या बाजूला कोडिंग करणाऱ्या पोरापोरींना याचा उपयोग एनपीयूपेक्षा कितीतरी जास्त आहे.

मग हाइप खरा ठरतच नाही का? ठरतो की! नोव्हेंबर २०२० मध्ये अॅपलने एम१ चिप आणली तेव्हा मी स्वतः नाक मुरडलं होतं. त्या कार्यक्रमातल्या आलेखांच्या अक्षांवर आकडेच नव्हते. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला असा आलेख काढला असता तर सरांनी जर्नल तोंडावर फेकलं असतं. पण आठवड्याभरात स्वतंत्र चाचण्या आल्या आणि दावे खरे निघाले. पंखा नसलेला एअर जुनी, इंटेलसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर्ससुद्धा झकास चालवत होता. नवं काहीतरी करून दाखवण्याआधी, कालपर्यंत जे काम आपण करत होतो तेच तो चांगलं, थंड डोक्याने आणि जास्त वेळ करत होता. मी नव्या मशीनला हाच प्रश्न विचारतो, माझं कालचं काम तू बरं करतोस का? 'पुढच्या अपडेटमध्ये येईल' हे उत्तर चालत नाही.

हा प्रश्न प्रत्येकाला वेगळा पडतो, हेही लक्षात घ्या. मेकॅनिकलवाल्याने सगळे म्हणतात म्हणून मॅक घेतला, तर सॉलिडवर्क्स त्यावर अधिकृतपणे चालत नाही. स्नॅपड्रॅगनवाल्या विंडोज लॅपटॉपची बॅटरी छान चालते, पण आपल्या कोर्सची सॉफ्टवेअर्स त्यावर चालतील का, हे आधी सीनिअरना विचारलेलं बरं. बी.कॉम.वाल्याने गेमिंगचा लॅपटॉप घेतला तर तो एक्सेल काही जास्त जोरात उघडत नाही.

दुकानात गेलं की पुढची गंमत सुरू होते, नावांची. एएमडीचं उदाहरण घेऊ. 'रायझन ५ ७५२०यू' वाचून वाटतं, सात हजारवाली ताजी सीरिज आहे. या सीरिजमध्ये खरी माहिती तिसऱ्या आकड्यात असते. तिथे २ आहे म्हणजे आतला गाभा 'झेन २', जो २०१९ चा. ७५३०यू मध्ये झेन ३, ७५४०यू मध्ये झेन ४. दिसायला दहा-दहाचा फरक, आत एकेका पिढीचा. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. 'आरटीएक्स ४०५०' असं दोन लॅपटॉपांवर लिहिलेलं असतं, पण एनव्हिडियाने हे कार्ड ३५ ते ११५ वॉटपर्यंत चालवायची मुभा दिलेली आहे. पातळ, देखण्या लॅपटॉपमधला ४०५० आणि जाडजूड लॅपटॉपमधला ४०५० हे फक्त नावाचे भाऊ. सेल्समनला 'किती वॉटचा?' एवढंच विचारा. बऱ्याचदा तो मॅनेजरला बोलवायला जातो.

'अठरा तास बॅटरी' या दाव्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचा. बहुतेक वेळा स्क्रीन मंद ठेवून एकच व्हिडिओ लावून मोजलेलं असतं. स्क्रीनच्या माहितीत '४५ टक्के एनटीएससी' आणि '२५० निट्स' दिसलं की समजा, रंग फिके आणि उजेड बेताचा; डिझाइन, आर्किटेक्चरवाल्यांनी तिकडे फिरकू नये. रॅम नंतर वाढवता येते का, की बोर्डावर सोल्डर केलेली आहे, हे मात्र प्रत्येकाने विचारायलाच हवं. सोल्डर केलेली असेल तर आज जेवढी घ्याल तेवढ्यातच चार वर्षं काढायची आहेत.

हप्त्याचंही बघून घ्या. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये व्याज गायब झालेलं नसतं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते, असं बँकांना बजावलं होतं. बऱ्याचदा रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी असतो. दोन्ही बिलं शेजारी ठेवून वजाबाकी करा. यूट्यूबवरच्या रिव्ह्यूजबद्दल एवढंच, की लाँचच्या दिवशीचा रिव्ह्यू आठवडाभर एसीमध्ये वापरलेल्या उसन्या मशीनचा असतो. 'सहा महिन्यांनंतर', 'एका वर्षानंतर' असं शोधा. बिजागरी, बॅटरी आणि सर्व्हिस सेंटर यांच्या कथा तिथे सापडतात.

आणि नवाच हवा असंही नाही. कंपन्या आपले ऑफिसचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात आणि ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत येतात. चांगला कीबोर्ड, मजबूत अंग, स्क्रू काढून रॅम बदलता येईल अशी रचना, आणि किंमत बरीच कमी. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर बघून घ्या, कारण त्याच्या आधीच्यांना विंडोज ११ अधिकृतपणे घेत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. बॅटरी किती झिजलीय तेही दुकानातच तपासता येतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी बॅटरीरिपोर्ट'ची कमांड द्या. मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही छापून मिळतात. दुकानदार कुरकुरला तर दुसऱ्या दुकानात चला, तिथे दुकानांना तोटा नाही.

एक राहिलं. लाँचमध्ये 'फक्त इतके किलो' असं वजन सांगतात, त्यात चार्जर धरलेला नसतो. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर कधीकधी अर्ध्या किलोच्या वर भरतो. दुकानात लॅपटॉप आणि चार्जर दोन्ही आपल्या रोजच्या सॅकमध्ये घालून, पाठीला लावून पाच मिनिटं उभे राहा. सकाळच्या आठ बावीसच्या लोकलमध्ये ती सॅक पुढे घेऊन उभं राहायचंय, तेही परतीचा प्रवास धरून रोज दोनदा.